रद्दीच्या लगद्याचं ब्लीचिंग : पायऱ्यांचा क्रम, मापं आणि नेहमी होणाऱ्या चुका

"पेरॉक्साइड डबल टाकलं तरी लगदा पिवळाच राहतोय, आता काय टाकू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. (पेरॉक्साइड म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, लगदा उजळवायचं मुख्य केमिकल.) हातकागदवाले, फाईल आणि पॅड बनवणारे, छोटा पल्पर (रद्दी पाण्यात घुसळून लगदा करणारं यंत्र) लावून नुकतंच काम सुरू केलेले, सगळ्यांची अडचण जवळपास एकच असते. केमिकल चांगलं असतं, मापही कधीकधी बरोबर असतं, पण ब्लीचच्या आधी जे व्हायला हवं ते झालेलं नसतं आणि मग ब्लीच बिचारं लोखंडाशी, शाईशी, जुन्या पाण्यातल्या जंतूंशी झटत संपून जातं, लगद्यापर्यंत पोचतच नाही.

खालची मापं २० किलो कोरड्या लगद्याच्या बॅचची आहेत. तुमची बॅच १० किलोची असेल तर सगळं निम्मं करा, ५० ची असेल तर अडीचपट.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ब्लीच शाई काढत नाही. छपाईच्या शाईतला आणि झेरॉक्सच्या टोनरमधला काळा रंग म्हणजे मुख्यतः काजळी, आणि काजळी कुठल्याही ब्लीचने पांढरी होत नाही. शाई धुऊन काढायची असते. ब्लीचचं काम दोनच, धाग्यांचा स्वतःचा पिवळेपणा कमी करणं आणि कागदाला दिलेले विरघळणारे रंग उडवणं. राखाडी झाक असेल तर ती शाई आहे, धुण्यात कमी पडलात. पिवळी झाक असेल तर ब्लीचचा प्रश्न.

१. रद्दी निवडणं

पांढरेपणाचा निम्मा निकाल इथेच लागतो, आणि नेमकं इथेच लोक मजुरी वाचवतात.

रद्दीचे दोन मोठे गट समजून घ्या. पहिला गट म्हणजे वह्या, झेरॉक्स, ऑफिसचे प्रिंट, उत्तरपत्रिका. यात लाकडातलं लिग्निन, म्हणजे धाग्यांना चिकटवून ठेवणारा आणि पिवळा पडणारा पदार्थ, आधीच काढून टाकलेलं असतं, हा लगदा चांगला पांढरा होतो. दुसरा गट म्हणजे वर्तमानपत्रं, स्वस्त गाईडं, पिवळट पानांची पुस्तकं. यात लाकूड नुसतं दळून घातलेलं असतं, लिग्निन जसंच्या तसं आत असतं, त्यामुळे हा लगदा उजळतो पण वहीसारखा पांढरा कधीच होत नाही, आणि झाला तरी उन्हात परत पिवळा पडतो. दोन्ही गट एका बॅचमध्ये कधीच घालू नका. शंभर किलो वह्यांमध्ये पाच-दहा किलो पेपर गेला तरी शेवटच्या कागदात फरक दिसतो.

ओळखायचं कसं? प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात फ्लोरोग्लुसिनॉल मिळतं, ते स्पिरिट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं छोट्या बाटलीत ठेवा आणि कागदावर एक थेंब टाका. दळलेलं लाकूड असेल तर थेंब टाकल्या जागी किरमिजी डाग उठतो, नसेल तर काही होत नाही. ॲसिड आहे, हात सांभाळा. हे जमत नसेल तर कागद अर्धा झाकून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा, वर्तमानपत्राच्या जातीचा कागद उघड्या बाजूला पिवळा पडतो.

बाजूला काढायचं ते असं:

- ब्राऊन पाकिटं, खाकी कव्हरं, खोके. यांचा तपकिरी रंग या पद्धतीने जात नाही, तंतू तसेच तपकिरी दिसत राहतात.
- लॅमिनेशन, सेलोटेप, स्टिकर, गोंदाची बाइंडिंग. गरम लगद्यात गोंद मऊ होतो आणि मोल्डच्या (कागद उचलायच्या साच्याच्या) जाळीला चिकटतो.
- लग्नपत्रिका. सोनेरी फॉइल, लाल-पिवळा गडद रंग, वर्ख, सगळंच त्रासदायक.
- एटीएम आणि दुकानांच्या गुळगुळीत पावत्या. त्यांच्या लेपात उष्णतेने अक्षरं उमटवणारी रसायनं असतात, पुनर्वापरात घेऊ नका.
- पिना. वहीच्या मधल्या दोन पिना, उत्तरपत्रिकेची एक, फाईलच्या क्लिपा.

पिनांबद्दल जरा थांबून सांगतो. एक पिन म्हणजे काय एवढंसं लोखंड असं वाटतं, पण ती गरम कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) पाण्यात फिरते, बीटरच्या (लगदा कुटायच्या यंत्राच्या) पात्यांनी घासली जाते, तिचा कण कण लगद्यात उतरतो आणि पुढे पेरॉक्साइड त्या लोखंडावर नुसतं फसफसून मोडून जातं. वर वाळलेल्या कागदावर बारीक तांबूस ठिपके येतात ते वेगळेच. पल्परच्या तोंडाशी एक जाड लोहचुंबक टांगून ठेवा आणि रोज संध्याकाळी पुसा. पुसताना हाताला जो काळा लगदा लागतो तो बघितल्यावर पुढे काही सांगावं लागत नाही.

तपासा: निवड झाल्यावर ढिगातून डोळे मिटून वीस कागद उचला. त्यात एक जरी पिन किंवा वर्तमानपत्राचा तुकडा निघाला तर ढीग परत निवडायला पाठवा.

२. पाणी आणि भांडी

बोअरचं पाणी असेल तर एका काचेच्या बरणीत रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर पाण्यात लोखंड आहे. असं पाणी टाकीत उंचावरून पाडून, हवा लागू देऊन, गाळ बसवून, वाळूतून गाळून मगच वापरायचं. जांभ्याच्या भागात काम करणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. पाणी खूप जड असेल तर पुढे पेरॉक्साइडसोबत सोडियम सिलिकेट घातल्यावर त्याचा पांढरा चोथा धरतो आणि भांड्याला पापुद्रा बसतो, म्हणून शक्य असेल तिथे शेवटच्या धुण्याला आणि केमिकल कालवायला तरी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी ठेवा.

भांडं स्टेनलेस स्टीलचं हवं. साधं लोखंड, जस्ताची बादली, तांबं, पितळ यातलं काहीही लगद्याला लागता कामा नये, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको, कॉस्टिक ते खाऊन टाकतं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. जाड प्लास्टिकचा ड्रम थंड कामाला चालतो, गरम लगदा त्यात तासन्‌तास ठेवलात तर तो मऊ पडून वाकतो.

एका ओळखीच्या शेडमध्ये तीन आठवडे लगदा पांढरा होईना. पाणी तपासलं, पेरॉक्साइडचा नवा कॅन आणला, पुरवठादाराशी भांडण झालं. शेवटी मी ढवळणीचा दांडा बाहेर काढायला लावला तर पातं धरणारा स्टीलचा बोल्ट कधीतरी तुटला होता आणि मेकॅनिकने तिथे साधा लोखंडी बोल्ट बसवला होता, त्याच्या भोवती गंजाचं कडं. बोल्ट बदलला आणि त्याच मापात पुढची बॅच नीट निघाली.

३. भिजवणं आणि शाई सोडवणं

वह्या-झेरॉक्सची रद्दी साधारण ५ टक्के घट्टपणाला भिजवा, म्हणजे २० किलोला ४०० किलोचं एकूण मिश्रण. पाणी ४५ ते ५० अंश कोमट, कॉस्टिक थोडं थोडं घालत पीएच ९.५ ते १० वर आणा, एक मूठ साबणाचा चुरा. अर्धा पाऊण तास फिरवा. बीटरचा रोल इथे खाली घेऊ नका, नुसतं फिरू द्या. रोल दाबला की शाईचे कण बारीक कुटले जातात आणि धाग्याच्या आत जाऊन बसतात, तिथून ते निघत नाहीत. कुटायचं ते शेवटी, ब्लीच झाल्यावर.

वर्तमानपत्राची बॅच असेल तर वेगळी काळजी. लिग्निनवाला लगदा नुसत्या कॉस्टिकमध्ये डोळ्यांदेखत पिवळा पडतो. म्हणून त्यात भिजवतानाच लगद्याच्या अर्धा टक्का पेरॉक्साइड घालायचं, म्हणजे २० किलोला ५० टक्केवालं २०० ग्रॅम, सोबत थोडं सिलिकेट.

मग धुणं. लगदा भरपूर पाण्यात पातळ करून, अगदी ताकासारखा, जाळीवर ओता आणि वरून पाणी मारा. बारीक शाई आणि कागदातला खडू पाण्याबरोबर खाली जातो. एकदम सगळी बॅच धुवायला दोन हजार लिटर पाणी लागेल, एवढी टाकी नसते कोणाकडे, तर तुकड्या-तुकड्यांनी धुवा. पहिलं पाणी करडं दुधासारखं निघतं. खालून निघणारं पाणी काचेच्या ग्लासात धरल्यावर पलीकडची बोटं स्पष्ट दिसेपर्यंत धुवत राहा.

लेझर प्रिंटरचा टोनर मात्र हट्टी. तो वितळून कागदावर बसलेला असतो, त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे होतात आणि ते जाळीतून खाली जात नाहीत. हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर शाई वर काढायची फ्लोटेशनची सोय असेल तर ते बऱ्यापैकी निघतात, नसेल तर लेझर प्रिंटची रद्दी वेगळी ठेवून तिचा ठिपकेदार कागद करा. तो विकलाही जातो. त्याला पांढरा करायच्या मागे लागून केमिकल जाळू नका.

सावधान: कॉस्टिकचे फ्लेक्स नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकायचे, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय बरणी उघडायचीच नाही.

४. कोरडं वजन काढणं

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. झेरॉक्स कागदात बऱ्याचदा पंधरा-वीस टक्के किंवा जास्त खडू असतो, धुण्यात तो आणि बारीक तंतू निघून गेले की २५ किलो रद्दीतून हातात उरतो साधारण २० किलो लगदा. पण माप धरलं जातं रद्दीच्या वजनावर. उलटंही होतं, ओला लगदा वजन करून त्यावर टक्के काढले जातात आणि मग आठ-दहापट केमिकल पडतं.

धुतलेला लगदा कापडात पिळून एकूण वजन घ्या. समजा १६० किलो भरला. त्यातला वेगवेगळ्या ठिकाणचा मिळून अर्धा किलो घ्या, पातळ पसरून पूर्ण वाळवा. ओव्हन असेल तर १०५ अंशावर, नसेल तर इस्त्रीखाली, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. समजा ६२ ग्रॅम उरला. म्हणजे १२.४ टक्के. १६० किलोत कोरडा लगदा १९.८ किलो. आता पुढची सगळी मापं या आकड्यावर. हे काम आदल्या दिवशी करून ठेवलं तर बॅच अडत नाही.

५. धातू बांधणं

कितीही निवडलं, धुतलं तरी थोडं लोखंड, मँगनीज, तांबं लगद्यात राहतंच. ते बांधून ठेवायला डीटीपीए नावाचं रसायन वापरतात. बाजारात ते बहुधा ४० टक्क्यांच्या द्रावणात मिळतं, २० किलो लगद्याला १०० ग्रॅम द्रावण पुरतं. वजन करून झालेला लगदा परत पाण्यात पातळ करा, त्यात हे घाला, ६० ते ६५ अंशाला अर्धा तास ठेवा, आणि मग पिळा. बांधलेले धातू पिळलेल्या पाण्याबरोबर बाहेर जातात. न पिळता तसंच पुढे गेलात तर धातू तिथेच राहतात, निम्मा फायदा गेला.

इथे एक चूक फार होते. जुन्या पुस्तकी रीतीत या पायरीला पीएच ५ च्या आसपास आणायला सांगितलेलं असतं, म्हणून लोक ॲसिड ओततात. पण आजच्या झेरॉक्स कागदात खडू आहे. ॲसिड टाकलं की तो फसफसतो, फेस टाकीबाहेर येतो, पीएच सातच्या खाली काही केल्या जात नाही आणि ॲसिडचा कॅन रिकामा होतो. डीटीपीए पीएच ७ लाही व्यवस्थित काम करतं. ॲसिडच्या फंदात पडू नका.

गरम करून पिळायचं आणखी एक कारण आहे. पुढच्या पायरीत लगदा ६५ ते ७० अंश हवा. तीस अंशाच्या १६० किलो पिळलेल्या लगद्यात ४० लिटर उकळतं पाणी ओतलंत तरी सगळं मिळून जेमतेम ४४ अंश होतं, हिशोब करून बघा. म्हणजे लगदा आधीच गरम पाहिजे, किंवा वाफेची सोय पाहिजे.

तपासा: काचेच्या ग्लासात थोडा लगदा घ्या, त्यात पेरॉक्साइडचे चार-पाच थेंब टाका आणि मिनिटभर बघा. एखाददुसरा बुडबुडा ठीक. सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येत असतील तर थांबा, आत्ता पेरॉक्साइड टाकलं तर वाया जाणार. मग दुसरा नमुना घ्या, उकळा, थंड करा, परत थेंब टाका. आता बुडबुडे बंद झाले तर दोष जंतूंचा, पुन्हा पुन्हा फिरवलेल्या शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्यांचं कॅटलेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं. टाक्या रिकाम्या करून घासा, ताजं पाणी घ्या, लगदा एकदा ७० अंशाच्या वर तापवा. उकळूनही बुडबुडे येतच राहिले तर धातू आहे, परत पायरी दोनपासून शोधा. उन्हाळ्यात आणि दोन दिवस सुट्टी लागून आली की जंतूंचा त्रास हमखास.

६. पेरॉक्साइड

आता मुख्य काम. २० किलो कोरड्या लगद्यासाठी:

- मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम
- सोडियम सिलिकेटचं घट्ट द्रावण ४०० ग्रॅम
- कॉस्टिक २०० ग्रॅम
- पेरॉक्साइड ५० टक्केवालं ८०० ग्रॅम

तुमच्याकडे ३५ टक्केवालं असेल तर ११४० ग्रॅम. ग्रॅम म्हणजे वजन, मापाच्या भांड्यातले मिली नाहीत. पन्नास टक्केवालं पेरॉक्साइड पाण्यापेक्षा जड असतं, ८०० ग्रॅम म्हणजे सुमारे ६७० मिली.

पस्तीस-चाळीस लिटर गरम पाण्यात याच क्रमाने घाला, एकेक नीट विरघळलं की पुढचं, पेरॉक्साइड सगळ्यात शेवटी. सिलिकेट आणि मॅग्नेशियम पेरॉक्साइडला सांभाळून ठेवतात, ते आधी पाण्यात असायला हवेत. कॉस्टिक आणि पेरॉक्साइड दोघांनाच एकत्र करून ठेवलंत आणि चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्यातलं बरंच मोडून गेलेलं असतं. द्रावण झालं की लगेच लगद्यात.

आता एकूण मिश्रण २०० किलोच्या आसपास, म्हणजे १० टक्के घट्टपणा. पाण्यासारखा पातळ लगदा ब्लीच करायचा मोह सगळ्यांना होतो कारण ढवळायला सोपा जातो, पण ४ टक्क्याला तेवढंच पेरॉक्साइड अडीचपट पाण्यात पसरतं आणि धाग्याला फारसं काही मिळत नाही. घट्ट लगदा फावड्याने, हाताने, जसा जमेल तसा उलटापालटा करा, सगळीकडे द्रावण लागलं पाहिजे. मूठभर लगदा हातमोज्यात दाबला तर बोटांच्या फटीतून पाणी यावं पण मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा, एवढा घट्टपणा बरोबर.

पीएच सुरुवातीला ११ च्या आसपास. पीएच पेपर लावून लगेच वाचा, पेरॉक्साइड पेपरचा रंगही खातं. तापमान ६५ ते ७०, झाकण टाकून दीड ते दोन तास. शेवटी पीएच ९ ते १० वर आलेला असतो.

गरम करायची सोयच नसेल तर कॉस्टिक थोडं वाढवून, २०० चं २५० ग्रॅम करून, घट्ट लगदा रात्रभर झाकून ठेवा. निकाल जरा कमी येतो पण येतो.

कॉस्टिक "थोडं जास्तच घाला" हा सल्ला ऐकू नका. पेरॉक्साइड संपलं आणि कॉस्टिक उरलं की तोच पांढरा झालेला लगदा उलट पिवळा पडायला लागतो. दुप्पट ठेवलेला वेळ याच कारणाने नुकसान करतो.

सावधान: ५० टक्के पेरॉक्साइड कातडीला लागलं की जागा पांढरी पडून झोंबते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. पाण्याचा चालू नळ दहा पावलांच्या आत हवा. कॅन सावलीत, मूळच्या हवा सोडणाऱ्या झाकणासहित ठेवा, दुसरं घट्ट बूच लावू नका, फुगून फुटतो. लाकडी फळीवर, गोणपाटावर, रद्दीच्या ढिगाजवळ ठेवायचा नाही, सांडलं तर आग लागू शकते. भांड्यात काढलेलं उरलं तर परत कॅनमध्ये ओतायचं नाही.

७. शिल्लक मोजणं

माझ्या मते सगळ्या लेखात हीच पायरी सर्वात जास्त पैसे वाचवणारी आहे, आणि करतं कोणीच नाही.

दोन तासांनी थोडा लगदा पिळून १० मिली पाणी घ्या. त्यात पातळ सल्फ्युरिक ॲसिड, चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड आणि अमोनियम मॉलिब्डेटचे दोन-तीन थेंब. पेरॉक्साइड शिल्लक असेल तर पाणी पिवळं-तपकिरी होतं. आता ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट ब्युरेटमधून थेंब थेंब सोडा, फिकट पिवळं झालं की स्टार्चचं पाणी घाला, निळं होईल, निळं जाईपर्यंत परत थेंब सोडा. जेवढे मिली लागले त्याला ०.१७ ने गुणा, लिटरमागे तेवढे ग्रॅम पेरॉक्साइड उरलंय.

आपल्या बॅचमध्ये सुरुवातीला १८० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड होतं, म्हणजे लिटरला २.२ ग्रॅम. शेवटी त्यातलं ५ ते १५ टक्के उरलेलं असावं. म्हणजे थायोसल्फेट साधारण ०.७ ते २ मिली लागलं तर बॅच अचूक. शून्य लागलं तर पेरॉक्साइड आधीच संपलं होतं, लगदा कॉस्टिकमध्ये नुसता पडून पिवळा होत होता, पुढच्या वेळी वेळ कमी करा किंवा धातू शोधा. ४-५ मिली लागलं तर पेरॉक्साइड वापरलंच गेलं नाही, तापमान किंवा पीएच कमी पडला, पेरॉक्साइड वाढवायचं काहीच कारण नाही.

एवढं टायट्रेशन जमत नसेल तर पेरॉक्साइड मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्याही चालतील, पण काहीतरी मोजा.

८. रंग राहिला असेल तर हायड्रोस

वह्यांच्या निळ्या-लाल रेघा, रंगीत कागदांची झाक हे पेरॉक्साइडने पूर्ण जात नाही. त्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड रंगवणारे ज्याला हायड्रोस म्हणतात ते. पेरॉक्साइड ऑक्सिजन देतं, हे ऑक्सिजन ओढून घेतं, म्हणजे दोघं समोरासमोर आले की एकमेकांना मारून टाकतात. म्हणून आधी लगदा चांगला धुवा, पाण्यात चिमूट-चिमूट सोडियम मेटाबायसल्फाइट घालून शिल्लक पेरॉक्साइड मारा आणि आयोडाइड-स्टार्चच्या पट्टीने खात्री करा.

मग लगदा ४ टक्क्याला पातळ करा, २० किलोला ५०० किलो मिश्रण, ६० ते ६५ अंश, पीएच ६.५ ते ७. हायड्रोस १६० ग्रॅम. थंड पाण्यात त्याच वेळी विरघळवायचं, पाइपने लगद्याच्या पोटात सोडायचं, एकदा हळू ढवळायचं आणि झाकण टाकून पाऊण तास हात लावायचा नाही. हवा ही याची शत्रू. बीटर फिरवत ठेवून हायड्रोस वरून भुरभुरवणारे मी पाहिलेत, ते सगळं हवेशीच झगडून संपतं.

रंग असलेला पिगमेंट असेल, म्हणजे न विरघळणाऱ्या भुकटीचा, तर हायड्रोसनेही हलत नाही. आधी ग्लासभर लगद्यावर करून बघा, ग्लासात गेला नाही तर टाकीतही जाणार नाही.

सावधान: हायड्रोसच्या डब्यात ओला चमचा, घामाचा हात, पावसाचा एक थेंबही नको. ओल लागली की पावडर आतून तापते आणि पेट घेते. पावसाळ्यात डबा जमिनीवर ठेवायचा नाही, आणि त्याच्या शेजारी पेरॉक्साइड किंवा ब्लीचिंग पावडर तर मुळीच नाही.

हायपोबद्दल

स्वस्त पडतं म्हणून बरेच जण हायपोक्लोराइट वापरतात. माझं मत स्पष्ट आहे, पेरॉक्साइड आणि हायड्रोसने भागत असेल तर क्लोरीन शेडमध्ये आणू नका, सांडपाण्यात क्लोरीनयुक्त घातक पदार्थ जातात. वर्तमानपत्राच्या लगद्यावर तर ते वापरूच नये, उजळायच्या ऐवजी तो पिवळा-तांबूस होतो. फक्त गडद रंगाच्या, लिग्निन नसलेल्या रद्दीला लागलंच तर १ टक्का उपलब्ध क्लोरीन, म्हणजे २० किलोला १० टक्केवालं ताजं द्रावण २ लिटर, पीएच ९.५ ते १०, तापमान ४० च्या खाली, तासभर. पीएच सातकडे घसरला की कागदाची ताकद जाते, घडी घातली की मोडतो. शेवटी थायोसल्फेट घालून उरलेलं क्लोरीन मारा.

दुकानात मागताना पूर्ण नाव सांगा. गिरणीवाले हायपो म्हणतात ते ब्लीच, फोटोवाले हायपो म्हणायचे ते थायोसल्फेट, म्हणजे नेमकं त्याचा उतारा. आणि हायपोजवळ ॲसिड कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो, बंद शेडमध्ये माणूस पडतो.

९. शेवटचं धुणं, नीळ, वाळवण

ब्लीचनंतर दोन पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्याचा पीएच ७ ते ७.५ पुरे. आता हवा तेवढा बीटर चालवा.

साइझिंगला (कागदावर शाई पसरू नये म्हणून करतात त्या प्रक्रियेला) तुरटी वापरत असाल तर लोखंड नसलेली घ्या, साध्या तुरटीतलं लोखंड सगळी मेहनत पिवळी करतं. खडूवाल्या लगद्यात तुरटी फसफसते आणि साइझिंग धरत नाही, तिथे एकेडी (तुरटीशिवाय चालणारं साइझिंगचं रसायन) वापरा.

डोळ्याला पांढरं दिसण्यासाठी, धोतराला द्यायचे तसा, निळीचा अगदी हलका हात देता येतो. पण साधी नीळ आम्लात मरते, तुरटीच्या लगद्यात ती दोन दिवसांत उडून जाते, तिथे आम्लात टिकणारा निळा-जांभळा डाय घ्या. प्रमाण ग्लासात ठरवा, जास्त झाली की कागद करडा दिसतो.

तुलना करताना ओला लगदा बघून निकाल देऊ नका. प्रत्येक बॅचचा एक तळहाताएवढा कागद काढा, सावलीत वाळवा, मागे पेन्सिलने तारीख आणि मापं लिहा, आणि उत्तरेकडच्या खिडकीत आधीच्या तुकड्याशेजारी ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली किंवा उन्हात बघू नका. ऑफिसच्या कागदात चमक देणारा डाय असतो, तो उन्हात निळसर उजळतो आणि बॅच आहे त्यापेक्षा चांगली वाटते. ग्राहकाला ब्राइटनेसचा आकडाच हवा असेल तर तो ४५७ नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजला जातो, मोठ्या मिलच्या किंवा संस्थेच्या लॅबमधून करून घ्या.

सांडपाणी नाल्यात सोडायचं नाही. सगळ्या पायऱ्यांचं पाणी एका टाकीत एकत्र करा, पीएच बघा, पट्टीने पेरॉक्साइड बघा, कारण शिल्लक पेरॉक्साइड शुद्धीकरणाच्या टाकीतले उपयोगी जंतूही मारतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ती ब्लीचिंग सुरू करायच्या आधी घ्या, आणि अर्जात कोणतं केमिकल किती वापरणार ते खरं लिहा. खाली बसलेला शाई आणि खडूचा गाळ वेगळा वाळवा, त्याची विल्हेवाट कशी लावायची ते संमतीपत्रात दिलेलं असतं.